सात नंबरचं पद

११ फेब्रुवारी

दादा,

'तीर्थरूप' लिहायला गेले तर पेन पुढे सरकेना, म्हणून नुसतंच दादा. आई गेल्यापासून एकोणीस महिने आपण बोललेलो नाही, आणि हे पत्र समेटासाठी नाही. मला तुझ्यावर ओरडायचंय. फोनवर ओरडले असते, पण फोनवर तू 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून मोकळा होतोस. कागद निदान ठेवून तरी द्यावा लागतो, आणि कागद ठेवून देण्यात तुमचा सगळ्यांचा हातखंडा आहे.

आमच्या प्रयोगशाळेचं प्रकरण पेपरात वाचलंच असशील. पेपरात अर्धंच आलंय. उरलेलं मी सांगते, कारण ते घडलं तेव्हा मी त्या खोलीत होते आणि तू नव्हतास.

जानेवारीतल्या तिसऱ्या गुरुवारी मुलींच्या निवासी शाळेतून विहिरीच्या पाण्याची बाटली आमच्याकडे तपासणीला आली. बाटली आल्यापासून चोवीस तासांच्या आत ते पाणी तपासणीला लागलं पाहिजे, नाहीतर नमुना फुकट जातो. हे दारावरच लिहिलंय, मोठ्या अक्षरांत. पण गुरुवारी तपासणार कोण? आमच्याकडे मंजूर पदं अकरा आणि भरलेली तीन. केमिस्ट, मी आणि शिपाई मावशी. त्यातल्या केमिस्टसाहेबांकडे आणखी दोन जिल्ह्यांच्या प्रयोगशाळांचा अतिरिक्त कार्यभार. सोमवार ते बुधवार ते आमच्याकडे, गुरुवारी दुसरीकडे, शुक्रवारी तिसरीकडे. छप्पन्न वर्षांचा माणूस पाठीला पट्टा बांधून एसटीने तीन जिल्हे फिरतो आणि तुमच्या मुख्यालयाच्या तक्त्यात तिन्ही ठिकाणी 'पद भरलेले' अशी खूण होते. एक माणूस आणि तीन खुणा.

बाटली फ्रीजमध्ये राहिली. रविवारी संध्याकाळी त्रेचाळीस मुली दवाखान्यात. सोमवारी केमिस्टसाहेब आले, बाटलीवरची तारीख बघितली आणि तसेच खुर्चीत बसले. मंगळवारी त्यातली एक मुलगी गेली. अकरा वर्षांची.

बुधवारी केमिस्टसाहेब निलंबित. 'कर्तव्यात कसूर, नमुन्याची तपासणी विहित वेळेत न करणे.' आदेश मीच त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला, पोच म्हणून सही केली, आणि सहीखाली तारीख नीट घातली. मग म्हणाले, "बाई, इन्क्युबेटरचं बटण बंद करा, उगाच चालू राहील." बस्स. बावीस वर्षांची नोकरी केलेल्या माणसाचं एवढंच बोलणं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या आदेशाने नाही. गेली ती त्याच्या शेवटच्या परिच्छेदाने. 'मनुष्यबळाच्या कमतरतेबाबत सदर अधिकाऱ्याने वरिष्ठ कार्यालयास कधीही अवगत केल्याचे दिसून येत नाही.'

दिसून येत नाही? दादा, तू मुख्यालयात आस्थापनेचा उपसंचालक. कुठल्या कार्यालयात किती माणसं, कुठलं पद ठेवायचं, कुठलं मोडीत काढायचं, हे तुझ्या टेबलावर ठरतं. केमिस्टसाहेबांनी दोन वर्षांत तुझ्या कार्यालयाला माणूस मागणारी नऊ पत्रं पाठवली. सगळी मी टाइप केली, सगळ्यांना जावक क्रमांक मी घातला. त्यातल्या दोन पत्रांना उत्तरं आली. दोन्ही अक्षरशः सारखी: 'पदांचा आढावा सुरू असल्याने प्रस्ताव तूर्त प्रलंबित ठेवण्यात येत आहे.' खाली तुझी सही. ती मी झोपेतही ओळखेन. शाळेत प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तू मारायचास, तेव्हापासूनची माझी ओळख आहे तुझ्या त्या वळणाशी.

एवढंच विचारायचंय. तुला दिसून आलं की नाही?

वहिनीला सांग, तिच्यावर माझा काहीही राग नाही.

बारकी


१९ फेब्रुवारी

दादा,

पत्र पोचलं म्हणायचं. फोन आला. एकोणीस महिन्यांनी तुझा आवाज ऐकला आणि तू पहिलं वाक्य काय बोललास? "हे सगळं तू कागदावर कशाला लिहिलंस?" कशी आहेस नाही, त्या मुलीचं काय झालं नाही. कागदावर कशाला.

फोनवर मला उत्तरं सुचली नाहीत. आता सुचलीत, म्हणून लिहिते.

तू म्हणालास, आमची पत्रं मुख्यालयात कार्यालय हलवताना गहाळ झाली. नऊच्या नऊ? सोफे पोचले, एसी पोचले, तुझी ती काचेची पाटी पोचली, आणि पत्रं तेवढी वाटेत पडली? आणि पत्रं गहाळ झाली होती, तर दोन उत्तरं तू स्वप्नात वाचून लिहिलीस का?

तू म्हणालास, केमिस्टसाहेबांच्या चौकशीत मी एवढंच सांगायचं की ती पत्रं म्हणजे कच्चे मसुदे होते, विचारार्थ टाइप केले होते, प्रत्यक्षात गेले नाहीत. "बारके, तुला कोणी खोटं बोलायला सांगत नाहीये. नक्की आठवत नाही, एवढं म्हण." इतक्या गोड आवाजात. लहानपणी माझी सायकल मोडून 'आधीपासूनच मोडकी होती असं बाबांना सांग' म्हणायचास, तोच आवाज. तेव्हा मी सांगायचे.

काल विभागीय साहेबही येऊन गेले. यांना अख्खा जिल्हा 'बघूसाहेब' म्हणतो, कारण रजा मागा, दुरुस्ती मागा, छतातून पडणारं पाणी दाखवा, ते 'बघू' म्हणतात. काल मात्र त्यांना भलतीच घाई होती. माझ्या टेबलाशी उभे राहून म्हणाले,

"बाई, जावक रजिस्टर विभागात पाठवून द्या. त्याचं बाइंडिंग सुटलंय असं कळलं."

"बाइंडिंग ठीक आहे साहेब."

"सुटेल हो."

"मग लेखी द्या साहेब. सुटायच्या आधी पाठवायचं की सुटल्यावर, तेही त्यात लिहा."

दारात मावशी पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती, ती फिसकन हसली. साहेबांनी पाणी घेतलं नाही. आमच्याकडचं पाणी हल्ली कोणी पीत नाही. जाताना म्हणाले, "भाऊ मोठ्या हुद्द्यावर आहे म्हणून एवढं बोलताय."

रजिस्टर आता कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे आहे.

फोन ठेवताना तू आणखी एक वाक्य बोललास. "चौकशी वाढली, तर तुझ्या नेमणुकीचा विषय निघेल, आणि तो तुलाही परवडणार नाही." त्या वाक्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाहीये. तू धमकी दिलीस की काळजी केलीस, ते आधी तुझं तू ठरव.

केमिस्टसाहेबांना रोज सकाळी दहा वाजता विभागीय कार्यालयात हजेरी लावावी लागते. निलंबित माणसाला तिथे खुर्ची देत नाहीत. ते जिन्यात बसतात. जेवणाच्या सुट्टीत मी बघून आले. मला बघून त्यांनी विचारलं, "त्या औद्योगिक वसाहतीच्या बाटल्या आल्या का?" मी हो म्हटलं. "परत पाठवा," म्हणाले. "आपल्याकडे तपासायला माणूस नाही, असं स्पष्ट लिहून पाठवा. ठेवून घेऊ नका."

ठेवून घेऊ नका. ते मला टोमणा मारत नव्हते. ते टोमणे मारत नाहीत.

बारकी


२७ फेब्रुवारी

दादा,

आज त्या मुलीचे वडील प्रयोगशाळेत आले होते.

गवंडी आहेत. कामावरून थेट आले असावेत, हाताच्या रेषांमध्ये सिमेंट होतं. दारात चपला काढल्या. मावशी म्हणाली, "राहू द्या हो, इथे कोणी काढत नाही." तरी काढल्या. मी ओळखलं नाही. मला वाटलं, विहिरीचा नमुना आणलाय.

"ती बाटली बघायची होती," म्हणाले.

"कुठली?"

"मुलींच्या शाळेची. तेच पाणी होतं ना, माझी मुलगी प्यायली ते?"

मी सांगितलं की बाटली सील करून चौकशीसाठी नेलीय. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "कुठे ठेवली होती, तेवढं दाखवा."

मी फ्रीज उघडला. मधल्या कप्प्यात डाव्या बाजूला. त्या जागेवर त्यांनी तळहात ठेवला, बराच वेळ. फ्रीज उघडा राहिला की शिट्टी वाजवतो, ती वाजत राहिली आणि कोणी दार लावलं नाही.

"बाटली आली तेव्हा इथे कोण होतं?"

"मी होते."

"मग?"

दादा, त्या 'मग'मध्ये राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "माझं काम बाटलीची नोंद करण्याचं आहे. तपासायचं काम माझं नाही." त्यांनी पुन्हा मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर आहे. मी भिंत बांधतो, दार सुतार बसवतो." चपला घालून गेले. मला समजून घेऊन गेले रे. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी आज जेवले असते.

तेव्हा आता खरं लिहिते. पहिल्या पत्रात 'बाटली आली', 'बाटली फ्रीजमध्ये राहिली' असं लिहिलं, जणू तिला पाय होते. बाटली मी घेतली. शाळेच्या जीपचा ड्रायव्हर मला म्हणाला होता, "ताई, जरा लवकर बघायला सांगा, दोन-तीन मुलींची पोटं बिघडलीत." मी म्हणाले, "साहेब सोमवारी." नोंद केली, चिठ्ठी चिकटवली, फ्रीजमध्ये ठेवली आणि साडेपाचला घरी गेले. केमिस्टसाहेबांना साधा फोन केला नाही. ते ऐंशी किलोमीटरवर आहेत, करणार काय, असं मनाशी म्हटलं. त्यांनी काय केलं असतं, ते मला पक्कं ठाऊक आहे. त्यांनी शाळेला फोन करून सांगितलं असतं की पाणी उकळूनच प्या.

आणि तुझ्या त्या वाक्याबद्दल. नेमणुकीच्या.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी सहा तासांच्या अंतरावरच्या कार्यालयात होते. मी तुझ्याकडे रडत आले होते, आठवतं? 'दादा, मला घराजवळ आण, नाहीतर आई एकटी मरेल.' या गावात लिपिकाचं एकही पद मोकळं नव्हतं. प्रयोगशाळेत तर लिपिकाचं पदच नव्हतं, केमिस्टसाहेब आपली पत्रं स्वतः एका बोटाने टाइप करायचे. पण त्याच महिन्यात तिथला प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाला. यादीतलं सात नंबरचं पद. बाटली आली की ती तपासणीला लावणारा माणूस तोच. साहेब असोत-नसोत, तो गुरुवारी बाटली लावायचा आणि शुक्रवारी दुपारी निकाल सांगायचा. तू ते पद 'प्रशासकीय सोयीसाठी' लिपिकाचं केलंस आणि त्यावर मला बसवलंस. एका सहीत.

मी रुजू झाले त्या दिवशी केमिस्टसाहेब म्हणाले होते, "मी सहायक मागितला होता, लिपिक आल्या. ठीक आहे, बसा." त्यानंतर एका शब्दाने त्यांनी मला कधी ते ऐकवलं नाही. आणि त्या नऊ पत्रांत ते माणूस मागत होते, तो माणूस माझ्या जागेवरचा. त्यांच्यासमोर बसून मी ती पत्रं टाइप करायचे. शुद्धलेखनासहित.

आईच्या अखेरच्या दिवसांत तू म्हणालास, "मी तुझ्यासाठी काय केलंय ते विसरू नकोस." मी म्हणाले, "विसरायची सोय ठेवलीस कुठे?" त्यावरून आपलं बोलणं तुटलं. लोकांना वाटतं आपण आईच्या खोल्यांवरून भांडलो.

शुक्रवारी दुपारी कळलं असतं, दादा. मुली शनिवारीही तेच पाणी प्यायल्या.

बारकी


७ मार्च

दादा,

काल सकाळी तू घरी येऊन गेलास त्याबद्दल मी पुन्हा लिहितेय. कारण तुला मी ओळखते. गाडीत बसेपर्यंत तू ते सगळं मनात वेगळं लावून टाकलं असशील.

आठ वाजता आलास. मी गॅससमोर उभी होते, पाठमोरी. तू आईच्या खुर्चीत बसला नाहीस, स्टुलावर बसलास, तेव्हा क्षणभर मला तुझी कीव आली. केस पांढरे झालेत तुझे. मग तू बोलायला लागलास आणि कीव गेली.

"मला वरून सांगितलं होतं, दहा टक्के पदं कमी करा. मी भांडून पाचवर आणलं. ते कोणाला दिसतं का?"

"आमच्याकडे अकरातली आठ रिकामी आहेत. ते कुठले पाच टक्के?"

"रिकामी आहेत, रद्द नाहीत. फरक असतो."

"बाटलीला सांग तो फरक."

तू स्टूल पुढे ओढलंस. मग हळूच म्हणालास, "बारके, ते पद मी माझ्यासाठी नाही बदललं. आईसाठी बदललं."

हे खरं आहे. म्हणूनच मी भांडं आपटलं. खोटं असतं तर सोपं गेलं असतं. मी म्हणाले, "आईच्या उशाशी माणूस हवं होतं म्हणून तू एका प्रयोगशाळेतलं माणूस काढून घेतलंस, आणि मी ते घेतलं. आई दीड वर्ष जगली. मग आई गेली, आणि मी सात नंबरवर बसूनच राहिले. तेव्हा परत का नाही दिलंस?"

"तू मागितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

तू चहा न घेता गेलास. जाताना दारात म्हणालास, "सगळं सांगितलंस तर दोघंही बुडू." मी दार लावलं. आपटलं म्हण.

आता त्यानंतर काल चौकशीत काय झालं ते ऐक. ते तुला कोणीतरी कळवलंच असेल, पण माझ्या तोंडून ऐक.

चौकशी अधिकारी एक वयस्कर बाई होत्या, आखूड पांढरे केस, समोर पेन्सिली तासून ओळीने ठेवलेल्या. एका बाजूला बघूसाहेब. दुसऱ्या बाजूला केमिस्टसाहेब, इस्त्रीचा शर्ट घालून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. मी रजिस्टर टेबलावर ठेवलं. बाइंडिंग शाबूत होतं. नऊ नोंदी मी एकेक करून दाखवल्या, त्यांच्या पोचपावत्या दाखवल्या, तुझ्या सहीची दोन उत्तरं दाखवली. बघूसाहेब पुढे सरसावले. ते म्हणाले, "मॅडम, या नोंदी मागाहूनही घालता येतात."

बाईंनी मला विचारलं, "तुमचं पद?"

"लिपिक."

त्यांनी तक्ता चाळला. "मूळ मंजुरीत या कार्यालयाला लिपिकाचं पद नाही."

"नाही. मी प्रयोगशाळा सहायकाच्या पदावर आहे. सात नंबर. माझ्या भावाने ते माझ्यासाठी बदलून घेतलं. मी मागितलं म्हणून."

बघूसाहेब कागद चाळू लागले. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, "तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय ना?"

"हो. आणखी एक आहे."

हे तुला ठाऊक नाही, दादा. कोणालाच ठाऊक नव्हतं. पत्रं नऊ नव्हती, दहा होती. आई जायच्या तीन महिने आधी केमिस्टसाहेबांनी एक पत्र लिहायला सांगितलं होतं. बाकीची सगळी 'माणूस द्या' म्हणणारी होती. या एकात सरळ मागणी होती: सात नंबरचं पद पुन्हा सहायकाचं करा, आणि एक प्रत थेट मंत्रालयात. मी ते टाइप केलं, त्यांची सही घेतली, आणि पाठवलं नाही. ते गेलं असतं तर मला आईला सोडून परत जावं लागलं असतं. त्यांनी विचारलं, "गेलं का?" मी म्हणाले, "गेलं." ते माझ्या खणात तळाला वर्तमानपत्राच्या कागदाखाली होतं. आई गेल्यावरही मी ते काढलं नाही. 'गेलं' म्हणून सांगितल्यावर आता काय म्हणून काढायचं होतं?

ते पत्र मी काल बाईंपुढे ठेवलं. तू मला सांगत होतास ना, पत्रं गेलीच नाहीत म्हण? एक खरंच गेलं नव्हतं. तू गहाळ केलीस आणि मी लपवलं. आपण एकाच घरात वाढलो, ते लपत नाही.

मी केमिस्टसाहेबांकडे बघितलं. त्यांनी हात पुढे करून ते पत्र मागितलं. आपलीच सही बघितली. मग ते घडी घालून बाईंना परत दिलं आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेले. मी व्हरांड्यात त्यांच्या मागे गेले, "साहेब" म्हणाले. ते थांबले नाहीत. जिना उतरून, फाटकातून, रस्त्याच्या पलीकडे. पाठीचा पट्टा शर्टातून दिसत होता.

मी घरी येऊन आईच्या खुर्चीत बसले. मला मोकळं वगैरे काही वाटलं नाही. असं वाटतं म्हणतात ना लोक, खरं बोललं की. मला फक्त राग येत होता, आणि पहिल्यांदाच तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

बारकी


२९ एप्रिल

दादा,

नव्या जागेवरून लिहितेय. जुनीच म्हण. सहा तासांच्या अंतरावरचं तेच कार्यालय, तेच टेबल, फक्त वरचा पंखा आता फिरत नाही. सेवापुस्तकात ठपका बसला आणि बदली झाली. बदलीचा अर्ज मीच आधी केला होता, तरी आदेशात 'शिक्षा म्हणून' लिहिलंय. लिहू देत.

चौकशीचा अंतिम आदेश आला. सोळा पानं आहेत. केमिस्टसाहेब दोषमुक्त, सन्मानाने परत कामावर. दोन प्रयोगशाळांचा अतिरिक्त कार्यभार काढलाय. सात नंबरचं पद परत सहायकाचं झालं आणि भरलंही. एक तरतरीत बाई आलीय, आल्या दिवशीच तिने फ्रीज रिकामा करून पुसला. मी पदभार सोपवायला दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी केमिस्टसाहेब कामावर आले. मला बघून म्हणाले, "तुमच्या टाइपिंगमध्ये एक चूक कधी सापडली नाही." माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मी ते मागितलं नाही. मग नव्या बाईला इन्क्युबेटर दाखवायला आत गेले. मावशी मात्र फाटकापर्यंत आली, माझी पिशवी उचलून, वाटभर बघूसाहेबांची नक्कल करत. बघूसाहेबांना कोणी काही केलं नाही. ते आहेत तिथेच आहेत.

आणि पान अकरावर, चौथ्या परिच्छेदात, तू आहेस. 'उपसंचालक यांनी लेखी निवेदनाद्वारे मान्य केले आहे की, उक्त नऊ पत्रे त्यांच्या कार्यालयास प्राप्त झाली होती व त्यांनी ती वाचली होती. पदाचे रूपांतर अर्जदाराच्या विनंतीवरून व कौटुंबिक कारणास्तव करण्यात आले.'

मी तो परिच्छेद उभ्यानेच वाचला. 'वाचली होती' असं तू स्वतः लिहिलंस. कोणी तुझ्याकडून काढून घेतलं नाही, कारण 'प्राप्त झाली होती' एवढ्यावर भागलं असतं. वहिनीचा फोन आला होता. ती म्हणाली, तुला अभिलेख कक्षात टाकलंय, तळघरात, खिडकी नाही, आणि तू रोज डबा घेऊन वेळेवर जातोस. घरी कोणाशी बोलत नाहीस. ती म्हणाली, "तुम्ही एकदा बोला ना त्यांच्याशी. तुमचंच ऐकतात." मला हसू आलं. माझं ऐकून तर तू ते पद बदललं होतंस.

माझा राग गेला असेल असं तिला वाटतंय. गेलेला नाही. एक ओळ खरी लिहायला तुला तीन महिने लागले, आणि त्या तीन महिन्यांत केमिस्टसाहेब जिन्यात बसत होते. मला दहावं पत्र खणातून काढायला त्याहून जास्त लागले. तेव्हा तुझ्यावरचा राग आणि माझ्यावरचा राग मी आता वेगळा करत बसत नाही.

पण सोळा पानं मी दोनदा वाचली, आणि मग पुन्हा एकदा शोधून वाचली. त्यात त्या मुलीचा उल्लेख तीन ठिकाणी आहे. तिन्ही ठिकाणी 'मृत विद्यार्थिनी क्रमांक एक'. दुसरी कोणी नाही, तरी क्रमांक एक. आणि तिच्या वडिलांना त्या आदेशाची प्रतही पाठवलेली नाही. प्रत कोणाकोणाला जायची त्याची यादी शेवटच्या पानावर असते. त्यात बावीस कार्यालयं आहेत. ते नाहीत.

मी त्यांच्याकडे जाऊन आले. गेल्या रविवारी. एका नव्या शाळेच्या भिंतीचं काम चालू होतं, तिथेच भेटले. मी उभ्याने सांगितलं. फोन केला नाही ते, ड्रायव्हर काय म्हणाला होता ते, सात नंबरचं, दहाव्या पत्राचं. मी सांगत होते तोवर ते थापी हातात धरून उभे होते आणि तिच्यावरचा माल वाळत गेला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं: "तुमची आई कशी होती?" मी म्हणाले, चांगली होती. ते म्हणाले, "आता जा तुम्ही." आवाज चढला नव्हता, पण 'जा' म्हणजे जा होतं. मी निघाले. पाठीमागे त्यांनी वाळलेला माल थापीवरून खरवडून टाकला, तो आवाज मला फाटकापर्यंत ऐकू आला.

आता तू जा. पत्र पाठवू नकोस, 'खेद' हा शब्द वापरू नकोस, गाडी घेऊन जाऊ नकोस. एसटीने जा, बांधकामावर विचार, कोणीही दाखवेल. ते तुला बस म्हणणार नाहीत. उभ्याने सांग. तू काय वाचलं होतंस आणि वाचून काय केलंस, एवढंच. मग ते जे बोलतील ते ऐकून घे. माझ्या वाट्याचं मी ऐकून आलेय, तुझ्या वाट्याचं त्यांच्याकडे अजून तसंच आहे.

जाऊन आलास की मला फोन कर. मी मीटिंगमध्ये नसते.

तुझी,
बारकी